जीटी३ आणि जीटी३ आरएस "एकच गाडी" नाहीत: फिरणाऱ्या मेसेजला ओळीओळीनं उत्तर

सध्या एक मेसेज एवढा फिरतोय की सोलापुरातल्या गाड्यांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर तो येऊन पडलाय, कुणी काही न वाचता पुढं ढकलतोय, कुणी खाली हसण्याची चिन्हं टाकतोय. मेसेज थोडक्यात असा:

"पोर्श ९११ जीटी३ आणि जीटी३ आरएस एकच गाडी आहे. इंजिन तेच, फक्त १५ घोडे जास्त. वर मोठा पंख लावला आणि किंमत डबल केली. टॉप स्पीड उलट कमी, वजन उलट जास्त. पंख नुसता शो. हल्लीच्या मार्केटिंगची चलाखी आहे ही. तरी पैसे असतील तर आरएसच घ्या, रोडवर तिला कुणी हात लावू शकत नाही, पुणे-सोलापूर दीड तासात."

माझं काम व्हील अलाइनमेंट आणि टायरचं. दुकानात पोरं येतात, त्यातली काही ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करणारी, मोबाईल पुढं करून विचारतात, काका हे खरंय का. आता ही पोरं उद्या याच लाईनीत येणार आहेत आणि गाडी कशी मोजायची हेच जर त्यांनी असल्या मेसेजमधून शिकलं तर मला ते बघवत नाही, म्हणून बसून सगळं लिहितोय. पोर्श ही जर्मन कंपनी, ९११ ही तिची स्पोर्ट्स कार, आणि जीटी३ व जीटी३ आरएस हे त्या ९११चेच दोन प्रकार. बोलणं ९९२ पिढीच्या (हे त्या मॉडेलचं कंपनीतलं नाव) गाड्यांबद्दल आहे, म्हणजे २०२१ला आलेली जीटी३ आणि २०२२ला आलेली आरएस, कारण मेसेजमध्ये फोटो त्यांचेच आहेत.

"इंजिन तेच, फक्त १५ घोडे जास्त"

ह्यातलं अर्धं खरं आहे. दोन्हीत ४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं, आडव्या झोपलेल्या सिलिंडरांचं इंजिन, दोन्ही ९००० आरपीएमपर्यंत जातात. जीटी३ला ५१० हॉर्सपॉवर, आरएसला ५२५. टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) तर आरएसचा ५ न्यूटन मीटरनं कमीच आहे, ४७०च्या जागी ४६५. हे १५ घोडे आले ते कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून, त्याच्यावरच्या कॅमचा आकार वेगळा केलाय. एकानं खाली लिहिलंय की एवढं तर रीमॅप मारून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून पण निघतं. नाही निघत. टर्बो गाडीत रीमॅप करून बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) वाढवता येतो म्हणून तिथं ३०-४० घोडे सहज मिळतात, पण इथं टर्बोच नाही, कंपनीनंच आधी सगळं पिळून काढलेलं इंजिन, नुसत्या सॉफ्टवेअरनं हाताला फार काही लागत नाही, आतलं लोखंड बदलावं लागतं आणि आरएसमध्ये तेच केलंय.

पण खरी चूक ही की माणूस १५ घोड्यांवरच अडकून बसतो. आरएसमध्ये पोर्शनं इंजिनावर फारसा खर्च केलेलाच नाही. खर्च केलाय हवेवर, टायरवर, सस्पेन्शनवर, ब्रेकवर आणि कूलिंगवर. आपल्या सोलापूरकरांना तर हे सांगायला नको, एकाच सुतातून चादर पण निघते आणि टॉवेल पण, सूत एक आहे म्हणून थंडीत कुणी टॉवेल पांघरून झोपत नाही.

"पंख नुसता शो"

ह्या ओळीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळी गोम इथंच आहे.

लोकांना असं का वाटतं ते मला कळतं. होटगी रोडला, विजापूर रोडला आपण पंख लावलेल्या सेडान बघतो, बाहेरून आणलेला फायबरचा पंख डिकीच्या पातळ पत्र्याला चार बोल्टवर बसवलेला. त्या गाड्यांचं इंजिन पुढच्या चाकांना ताकद देतं, पंख दाबणार मागची चाकं, आणि गाडी शहरात पळणार ४०-५०नं, म्हणजे तो पंख खरंच शो आहे, उलट हायवेला मागं दाब आला तर नाक हलकं होणार. हे बघून बघून आपलं डोकं असं झालंय की पंख म्हटला की दिखावा. आरएसचं तसं नाही.

आकडा बघा. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ताशी २०० किमीला आरएसवर हवेचा दाब ४०९ किलो, म्हणजे चार क्विंटलच्या वर. ताशी २८५ला तो ८६० किलो होतो. गाडीचं स्वतःचं वजन १४५० किलो आहे, त्यावर हे ८६०. जीटी३च्या तुलनेत २००च्या स्पीडला हा दाब तिप्पट आहे, आणि आरएसच्याच आधीच्या मॉडेलच्या दुप्पट.

आता हा दाब कशाला पाहिजे? टायर रस्त्याला किती धरून राहणार हे त्याच्यावर किती भार आहे त्यावर ठरतं, भार वाढला की पकड वाढते. मग गाडीत सिमेंटची पोती टाकून का नाही भार वाढवायचा? कारण पोत्यांचं वजन वळणात गाडीला बाहेर पण ओढतं आणि ब्रेक मारताना पुढं पण ढकलतं, जेवढी पकड मिळाली तेवढी त्यातच संपून जाते. हवेचा दाब टायरवर भार टाकतो पण गाडीचं वस्तुमान एक ग्रॅमनं वाढवत नाही. म्हणून वळणात जास्त स्पीड धरता येतो आणि ब्रेक उशिरा मारता येतो. रेसिंगवाले लोक १९६०च्या दशकाच्या शेवटापासून गाड्यांना पंख लावतायत ते ह्याच एका कारणानं.

आणि नुसता मागचा पंख मोठा करून भागत नाही, मागं दाब वाढला आणि पुढं नाही वाढला तर हाय स्पीडला स्टिअरिंग वळवलं तरी नाक वळत नाही. म्हणून आरएसचा पुढचा भाग अख्खा वेगळा आहे. नेहमीच्या ९११ला पुढं तीन रेडिएटर विभागून असतात, आरएसमध्ये ते काढून एकच मोठा रेडिएटर नाकात तिरका बसवलाय, आणि बाजूची जी जागा मोकळी झाली तिथं हवा फिरवणाऱ्या हलत्या पट्ट्या बसवल्यात. ही कल्पना त्यांच्या रेसमधल्या आरएसआर गाडीतून आलेली आहे. त्या रेडिएटरची गरम हवा बॉनेटवरच्या दोन भोकांतून वर निघते, आणि ती सरळ मागं इंजिनात जाऊ नये म्हणून छतावर बारीक पाती लावलीत जी तिला बाजूला काढतात. पुढच्या चाकांच्या वर मडगार्डला जाळीसारखे कट आहेत, चाकाच्या खोलीत कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते. एवढंच काय, पुढच्या सस्पेन्शनचे विशबोन, म्हणजे चाक धरणारे आर्म, जे कुणाला दिसत पण नाहीत, ते पण पाण्याच्या थेंबाच्या आकारात बनवलेत आणि त्यानं टॉप स्पीडला पुढच्या चाकांवर साधारण ४० किलो दाब वाढतो. सस्पेन्शनचे आर्म माझ्या रोज हाताखालून जातात म्हणून सांगतो, त्या तुकड्याचा आकार कुणी हवेसाठी बदलतो हे वाचलं तेव्हा मी तो फोटो कितीतरी वेळ मोठा करून बघत बसलो होतो. शो करायचा असता तर न दिसणाऱ्या आर्मवर कुणी डोकं लावलं असतं का?

पंख स्वतः पण हलतो. वरची पट्टी हायड्रॉलिकनं वरखाली होते, सरळ रस्त्यावर बटण दाबलं की सपाट पडते म्हणजे हवेचा अडथळा कमी, ह्यालाच डीआरएस म्हणतात, फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना माहिती आहे. जोरात ब्रेक दाबला की तीच पट्टी पूर्ण उभी राहते आणि हवेचा ब्रेक बनते.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांनी लिहायला पाहिजे होती आणि लिहिली नाही. हवेचा दाब स्पीडच्या वर्गानं बदलतो, स्पीड निम्मा झाला की दाब चौथाई. २००ला ४०९ किलो असेल तर १००ला साधारण शंभर किलो, आणि ५०ला पंचवीसच्या आसपास. म्हणजे सात रस्त्यावरून पार्क चौकाकडं जाताना त्या पंखाचा उपयोग नाहीच. पण उपयोगाची जागा नाही म्हणजे वस्तू नकली आहे असं होत नाही.

"टॉप स्पीड कमी"

कमी आहे, खरं आहे. पीडीके (पोर्शचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची जीटी३ ताशी ३१८ जाते, आरएस २९६. एवढा दाब पाहिजे तर हवेचा अडथळा पण वाढणार, शिवाय आरएसचं गिअरिंग जरा आखूड ठेवलंय जेणेकरून वळणातून बाहेर पडताना गाडी पटकन उचलेल. शून्य ते १००ला जीटी३ला ३.४ सेकंद, आरएसला ३.२.

पण टॉप स्पीडवरून ट्रॅकची गाडी मोजायचीच नसते, हाताच्या कंकणाला आरसा कशाला. जर्मनीतल्या नुरबर्गरिंगच्या २०.८ किमीच्या पूर्ण चकरीला जीटी३नं ६ मिनिटं ५९.९ सेकंद घेतली होती. आरएसनं ऑक्टोबर २०२२ला तीच चकरी ६ मिनिटं ४९.३ सेकंदांत मारली, रेस ड्रायव्हर यॉर्ग बर्गमाइस्टर चालवत होता. १०.६ सेकंदांचा फरक. दहा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात पण तिथं दोन्ही गाड्यांची सरासरीच १८०च्या आसपास आहे, तेव्हा दहा सेकंद म्हणजे रस्त्यावर अर्धा किलोमीटर. टॉप स्पीड २२नं कमी असलेली गाडी अर्धा किलोमीटर पुढं निघून जाते. ही आघाडी १५ घोड्यांनी येत नाही, प्रत्येक वळणात थोडी थोडी जमत येते.

त्यात टायरचा पण वाटा आहे. जीटी३ला पुढं २५५ आणि मागं ३१५ मिलिमीटर रुंदीचे टायर, आरएसला पुढं २७५, मागं ३३५. पुढच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पण आरएसमध्ये जीटी३पेक्षा २९ मिलिमीटरनं जास्त. पुढच्या ब्रेकच्या डिस्कचा व्यास ४०८ तोच ठेवलाय पण जाडी ३४ची ३६ केली, कॅलिपरचे (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) पिस्टन ३०चे ३२ केले. दोन मिलिमीटरनं काय होतं असं वाटेल, ट्रॅकवर चकरीमागून चकरी मारताना डिस्क लालबुंद होते तेव्हा ती उष्णता साठवायला तेवढंच जाड लोखंड कामाला येतं.

"वजन जास्त"

१५ किलोनं जास्त, १४३५ विरुद्ध १४५०. ह्यावरून मेसेजला म्हणायचंय की हलकी गाडी म्हणून विकतात आणि जडच आहे. अरे पण वर जे सांगितलं ते सगळं बसवल्यावर, रुंद टायर, रुंद चाकं, मोठा पंख, त्याची हायड्रॉलिक, हलत्या पट्ट्या, जाड डिस्क, एवढं वाढवून फक्त १५ किलो वाढलेत ही मोठी गोष्ट आहे. त्यासाठी दरवाजे, पुढचे मडगार्ड, छत, बॉनेट सगळं कार्बन फायबरचं केलंय.

"किंमत डबल"

साफ खोटं. जर्मनीत लाँचच्या वेळी जीटी३ची किंमत १,७०,९६९ युरो होती आणि आरएसची २,२९,५१७. हिशोब तुम्हीच करा, साधारण एक तृतीयांश जास्त. आपल्याकडं टॅक्स आणि ड्युटी लागून दोन्ही कोटींत जातात तो भाग वेगळा, पण डबल कुठंच नाही. ज्याला पडताळायला दोन मिनिटं लागतात तो आकडा पण खोटा टाकायचा आणि बाकी सगळं लोकांनी खरं मानायचं, हे मला पटत नाही.

"हल्लीची चलाखी"

ही "हल्ली" पन्नास वर्षं जुनी आहे. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मोटर शोला पोर्शनं ९११ कॅरेरा आरएस २.७ दाखवली. रेसमध्ये उतरायचं तर नियमानं ५०० गाड्या रस्त्यासाठी विकायला लागत होत्या, म्हणून ती बनवली. ५०० भराभर गेल्या आणि शेवटी १५८० बनल्या. तेव्हाच तिचे दोन प्रकार होते, स्पोर्ट आणि टूरिंग, दोन्हीला २१० हॉर्सपॉवरचं तेच इंजिन. स्पोर्ट ९६० किलोची, सगळं काढून टाकलेली. टूरिंग १०७५ किलोची, आत बसायला जरा माणसासारखी. आणि घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी टूरिंग घेतली. त्या लोकांना आपल्याला कुठं गाडी चालवायची आहे ते माहिती होतं.

"पैसे असतील तर आरएसच घ्या"

आणि इथं मेसेज स्वतःच्याच विरोधात जातो. वर म्हणतो आरएस म्हणजे फसवणूक, खाली म्हणतो आरएसच घ्या. माझं म्हणणं उलट आहे, आरएस शंभर टक्के खरी गाडी आहे आणि रस्त्यासाठी घेणाऱ्यानं जीटी३च घ्यावी.

का, ते सांगतो. आरएसमध्ये रेडिएटर नाकात गेला म्हणजे पुढची डिकी गेली. मागं इंजिन, मागच्या सीट दोन्ही गाड्यांत नाहीत, मग बॅग ठेवायची कुठं, सीटच्या मागं कोंबायची. तुळजापूरला जाऊन यायचं म्हटलं तरी प्रसादाची पिशवी मांडीवर. आरएसला मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतच नाही, फक्त पीडीके. जीटी३त सहा गिअरची मॅन्युअल मिळते, आणि टूरिंग नावाचा पंख नसलेला प्रकार पण आहे, त्यात पण तेच ९००० आरपीएमचं इंजिन. मला विचाराल तर ह्या सगळ्यात रस्त्यासाठी सगळ्यात देखणी आणि सगळ्यात शहाणी गाडी तीच, मॅन्युअल टूरिंग.

आरएसच्या स्टिअरिंगवर चार फिरते नॉब आहेत, त्यावरून डॅम्परचं (शॉकअब्सॉर्बर) दाबलं जाणं आणि परत येणं वेगवेगळं, पुढच्या-मागच्या चाकांचं वेगवेगळं सेट करता येतं, डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) पण, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर घसरू न देणारी यंत्रणा) पण. ट्रॅकवर हे सोनं आहे. प्रत्येक चकरीनंतर एक-एक टिक फिरवून बघायची, टायर तापल्यावर गाडी कशी बदलते ते शिकायचं. आपल्या रस्त्यावर कुठल्या वळणासाठी ती सेटिंग करणार? सोलापूरहून पुण्याकडं रस्ता सरळच्या सरळ आहे.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. ट्रॅकसाठी चाकांना निगेटिव्ह कॅम्बर जास्त देतात, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवतात, वळणात गाडी कलली की टायर पूर्ण टेकावा म्हणून. तीच सेटिंग ठेवून सरळ हायवेला गाडी पळवली की टायरची आतली कडा खात जाते, बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा दिसायला लागतात. हे मी साध्या गाड्यांत पण बघतो, कुणीतरी स्टायलिश दिसतं म्हणून चाकं आत झुकवून घेतो. ३३५ रुंदीच्या टायरचं हे झालं तर खर्चाचं सोडा, १००च्या स्पीडला टायर फुटणं काय असतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच विचारा.

शिवाय ह्या गाड्यांना जे कप २ किंवा कप २ आर नावाचे ट्रॅकच्या वापराचे टायर येतात त्यांना खोबणी कमी असते. कोरड्या आणि तापलेल्या डांबरावर ते चिकटतात, आपल्या मे महिन्याच्या उन्हात तर विचारायलाच नको. पण परतीचा पाऊस येऊन रस्त्यावर पाणी साचलं की तेवढ्या रुंद आणि खोबणी कमी असलेल्या टायरखालून पाणी बाहेर निघत नाही, टायर पाण्यावर तरंगतो. रुंदी जितकी जास्त तितका हा धोका जास्त, म्हणजे आरएसला जीटी३पेक्षा जास्त.

मग आरएस कुणी घ्यावी? जो ट्रॅकवर जाणार आहे त्यानं. आपल्या जवळ ट्रॅक नाही हे दुःख आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आहे ३.७ किमीचा, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे ५.१ किमीचं, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली होती. ट्रेलरवर गाडी टाकून तिथं नेणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी आरएसचा एक-एक रुपया वसूल आहे आणि मी त्याला मनापासून हात जोडीन.

"पुणे-सोलापूर दीड तासात"

मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ ही आहे. आकडे चुकले तर दुरुस्त करता येतात, ह्या ओळीनं माणसं मरतात.

अंतर धरा २५० किमी. दीड तासात म्हणजे सरासरी १६७. टोलनाके, हडपसरची गर्दी, गावं धरून एवढी सरासरी यायची तर मधे सारखं २००च्या वर पळवायला लागणार. आपल्या चौपदरी हायवेला कारची मर्यादा १०० आहे, त्या हिशोबानं एकदा पण न थांबता अडीच तास लागतात, आणि लागू द्या की. टेंभुर्णी-मोहोळ पट्ट्यात कारखाने सुरू झाले की अंधारात बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या, उलट्या बाजूनं येणारी टू-व्हीलर, डिव्हायडरमधून रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसं, हे आपण रोज बघतो, आपल्यातले बरेच जण त्याच रस्त्यानं घरी येतात. चार क्विंटलचा दाब आणि ३६ मिलिमीटरची डिस्क असली तरी २००ला ट्रॉली दिसल्यावर डोक्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एका सेकंदात गाडी ५५ मीटर पुढं गेलेली असते, तेवढ्यात ब्रेक लागलेला पण नसतो. नुरबर्गरिंगला ते आकडे येतात ते ट्रॅक मोकळा असतो, सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात आणि चालवणारा आयुष्यभर तेच करत आलेला असतो म्हणून.

आणि आरएस आपल्या इथं कुणाकडं नाही म्हणून ही ओळ निरुपद्रवी आहे असं समजू नका. ती वाचून आरएस कुणी घेत नाही, पण वडिलांची सेडान घेऊन रात्री निघणारं पोरगं मात्र घड्याळ लावून निघतं. तेव्हा मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर किमान ती शेवटची ओळ काढून पाठवा, आणि आधीच पाठवला असेल तर ग्रुपवर जाऊन आजच्या आज डिलीट मारा.